टाचणातली तारीख

इंग्रजीत वर्तमानकाळी कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला की क्रियापदाला 'एस' लागतो. आय गो, यू गो, पण ही गोज. नियम एका वाक्यात सांगून होतो, फळ्यावरचा तक्ता पाच मिनिटांत भरतो. महाराष्ट्रात दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाच्या कानावरून हा नियम गेलाच नाही, असं सहसा होत नाही. तरीही पदवी घेतलेला माणूस रंगात येऊन बोलू लागला की 'माय ब्रदर लिव्ह इन नाशिक' असं सहज बोलून जातो. थांबवून विचारलं तर नियम बिनचूक सांगतो, उदाहरणही देतो, आणि पुढच्याच वाक्यात तो 'एस' पुन्हा गळतो. इतका छोटा, इतका नियमित आणि इतक्यांदा घोकलेला प्रत्यय जिभेवर का बसत नाही? इंग्रजीचे पाठ कसे आखावेत आणि मुलाची प्रगती कशी तपासावी, या दोन्ही प्रश्नांची मेख मला इथेच दिसते.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९६२ पासून आपल्या सहकाऱ्यांसह तीन लहान मुलांच्या घरी नियमितपणे जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. ही इंग्रजीच मातृभाषा असलेली मुलं. ॲडम, ईव्ह आणि सारा ही त्यांना दिलेली टोपणनावं. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ फर्स्ट लँग्वेज' या पुस्तकात ब्राउन यांनी इंग्रजीतली चौदा व्याकरणिक रूपं घेतली आणि ती मुलांच्या बोलण्यात कोणत्या क्रमानं पक्की होत गेली ते दाखवलं. तिघांचा वेग अगदी वेगळा होता, क्रम मात्र बराचसा सारखा. चालू क्रियेचा 'आयएनजी' लवकर येतो. अनेकवचनाचा 'एस' लवकर येतो. मालकी दाखवणारा 'एस' त्याच्या मागून येतो. क्रियापदाला लागणारा 'एस' या सगळ्यांच्या बराच नंतर. कानाला तिन्ही 'एस' सारखेच. पण 'टू बुक्स'मधला 'एस' काही अर्थ घेऊन येतो, एकाहून अधिक असल्याचं सांगतो. 'ही गोज'मधला 'एस' अर्थात कसलीच भर घालत नाही. कर्ता एक आहे, तो बोलणारा नाही आणि ऐकणाराही नाही, हे 'ही'नं आधीच सांगून टाकलेलं असतं. वाक्याच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचवणं एवढंच त्या 'एस'चं काम. बोलण्याच्या ओघात, अर्थाकडे सगळं लक्ष लागलेलं असताना, ते काम सांभाळायला मनाला फार वेळ लागतो. ब्राउन यांनी आणखी एक गोष्ट पडताळून पाहिली. आईवडिलांच्या बोलण्यात जी रूपं जास्त वेळा येतात ती मुलं आधी उचलतात का? तसा संबंध त्यांना आढळला नाही. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. घोकंपट्टीवरचा आपला सगळा विश्वास ज्या गृहीतावर उभा आहे, त्यालाच ती हात घालते.

ही झाली मातृभाषेची गोष्ट. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या साठ स्पॅनिशभाषक आणि पंचावन्न चिनीभाषक मुलांची तुलना प्रसिद्ध केली. मुलांना चित्रं दाखवायची, त्यांच्यावर प्रश्न विचारायचे आणि मुलं आपणहून काय बोलतात ते टिपायचं, अशी पद्धत. स्पॅनिश आणि चिनी एकमेकींपासून किती दूरच्या भाषा! तरी दोन्ही गटांत इंग्रजीची रूपं जवळजवळ एकाच क्रमानं आली, आणि क्रियापदाचा 'एस' दोन्हीकडे मागेच राहिला. मातृभाषेला यात काहीच जागा नाही, असं मात्र नव्हे. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदं नाहीत, आणि ती आपल्याला किती छळतात हे मराठी माणसाला सांगायला नको. ज्यांच्या भाषेत एखादी सोयच नाही त्यांना ती इंग्रजीत उशिरा सापडते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण क्रियापदाची कर्त्याशी किंवा कर्माशी जुळणी ही काही मराठी मुलाला परकी गोष्ट नाही. चार वर्षांचं मूल 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळं खाल्लं' हे तीन प्रकार न अडखळता बोलतं. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळतं, आणि तेही तीन लिंगांत! ही व्यवस्था इंग्रजीच्या 'एस'पेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. ती कुणी फळ्यावर लिहिली नाही, कुणी तिची चाचणी घेतली नाही. दिवसभर कानावर पडणाऱ्या, अर्थानं भरलेल्या बोलण्यातून मुलानं ती आपली आपण बांधली.

आता शाळेकडे वळू. शिक्षकाजवळ वार्षिक नियोजन असतं, त्याचं मासिक नियोजन होतं, मग घटक नियोजन आणि शेवटी रोजचं टाचण. टाचणवहीत तारीख, वर्ग, तासिका, घटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य, अध्यापन पद्धती आणि मूल्यमापन असे रकाने असतात. केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की वही पाहतात आणि खाली सही करतात. जुलैच्या एका तारखेसमोर 'साधा वर्तमानकाळ' असं लिहिलेलं असतं, आणि त्या दिवशी तो घटक शिकवून झाला की रकाना भरतो. शिकवणं त्या तारखेला झालं, हे खरंच आहे. पण शिकणं कोणत्या तारखेला झालं ते त्या वहीत कुठेच येत नाही. तसा रकानाच नाही.

म्हणून टाचण फेकून द्यावं, असं मला अजिबात वाटत नाही. विचार न करता वर्गात गेलेला इंग्रजीचा शिक्षक काय करतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तो पुस्तक उघडतो, एक वाक्य इंग्रजीत वाचतो, त्याचा अर्थ मराठीत सांगतो आणि पुढच्या वाक्याकडे जातो. तास संपेपर्यंत मुलांनी इंग्रजीत स्वतःचं एक वाक्यही उच्चारलेलं नसतं. आखणी हवीच. प्रश्न तिच्यात काय आखलं जातं हा आहे. आजचं टाचण शिक्षक काय करणार याची नोंद ठेवतं. मुलाकडून काय ऐकू येण्याची शक्यता आहे, आणि तसं ऐकू आलं नाही तर उद्या काय बदलायचं, याबद्दल ते गप्प असतं.

मराठी शाळांतल्या इंग्रजीच्या इतिहासात २००० साल महत्त्वाचं आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना त्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. तोवर ते पाचवीपासून होतं. म्हणजे ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, त्यांच्यावर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजीची ओळख करून देण्याची वेळ आली. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि अजूनही होतो. मला इथे त्यातली एकच बाजू महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या इयत्तांत इंग्रजी ऐकण्याला आणि कृतीला मोठी जागा मिळाली. 'स्टँड अप', 'टच युवर नोज', 'जंप' म्हणताच मुलं तसं करतात, गाणी हातवाऱ्यांसकट म्हणतात. यामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडलेला विचार आहे. मुलाला बोलायला लागण्याआधी कितीतरी दिवस समजत असतं, आणि ते समजणं त्याच्या शरीरातून दिसतं. ही पद्धत जितकी शिकवण्याची तितकीच तपासण्याची आहे. एक अक्षर न बोलणारं मूल 'गो टू द विंडो' म्हटल्यावर इतरांकडे न पाहता खिडकीकडे गेलं, तर शिक्षकाला त्याच क्षणी कळतं की इंग्रजीचं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. त्यासाठी पेपर काढावा लागत नाही. अशी मूक प्रगती टिपायला शिक्षकाची नजर मात्र वहीवरून उठून मुलाकडे जावी लागते.

१९६७ साली पिट कॉर्डर यांचा मुलांच्या चुकांविषयीचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. भाषाशिक्षणाच्या विचाराला त्यानं वेगळं वळण दिलं. शिक्षक वर्गात जे मांडतो आणि मूल त्यातून जे प्रत्यक्ष आत घेतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी म्हटलं. काय आत घ्यायचं हे मुलाच्या मनातला अंतर्गत अभ्यासक्रम ठरवतो, आणि त्या अभ्यासक्रमाचा माग आपल्याला मुलाच्या चुकांमधूनच लागतो. पाच वर्षांनी लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या या मधल्या अवस्थेला स्वतंत्र भाषेचा मान दिला. ती मराठी नाही आणि अजून इंग्रजीही नाही, पण तिला स्वतःचे नियम आहेत. त्या भाषेतली 'चूक' बहुतेक वेळा त्या नियमांचं काटेकोर पालन असते.

'गो' या क्रियापदाचंच पाहू. सुरुवातीला मूल 'वेन्ट' बरोबर म्हणतं. तो त्याच्या लेखी एक सुटा शब्द असतो, 'गो'शी त्याचं नातं जुळलेलं नसतं. मग त्याला भूतकाळाचा 'ईडी' सापडतो. 'जम्प्ड', 'प्लेड', 'वॉक्ड' यांच्या मागचा नियम त्याच्या हाती लागतो, आणि त्या आनंदात ते 'गोएड' म्हणू लागतं. काही काळानं अपवाद आणि नियम यांच्या जागा लागतात आणि 'वेन्ट' परत येतो. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही याच वाटेनं जातात. आता यातल्या मधल्या टप्प्यावर चाचणी घेतली तर? जूनमध्ये 'वेन्ट' लिहून पूर्ण गुण मिळवलेलं मूल नोव्हेंबरमध्ये 'गोएड' लिहितं आणि त्याचे गुण कापले जातात. निकालपत्रक म्हणतं, घसरण. प्रत्यक्षात त्या मुलानं मधल्या काळात इंग्रजीचा एक आख्खा नियम स्वतःच्या बुद्धीनं शोधलेला असतो. शेजारचं मूल गाईडमधलं उत्तर पाठ करून 'वेन्ट' लिहितं आणि पुढे जातं. त्याच्या मनात कदाचित काहीच हललेलं नसतं. मूल खाली आलं की वर गेलं हे न सांगू शकणारं मोजमाप प्रगतीचं मोजमाप कसं म्हणायचं? शिक्षकाला मात्र दोघांचं बोलणं ऐकलं की फरक कळू शकतो. 'गोएड' म्हणणाऱ्या मुलीला 'टीच' आणि 'बाय' यांचे भूतकाळ सहज बोलण्यात वापरायला लावले आणि तिनं 'टीच्ड' आणि 'बाइड' म्हटलं, की तिच्या डोक्यातला नियम उघडा पडतो. ती आता कुठे उभी आहे हे कळतं, आणि पुढचा पाठ तिथून आखता येतो.

आपल्याकडे मूल्यमापन आकड्यांच्या भाषेतच अडकून कसं बसतं, याचं एक उदाहरण अजून ताजं आहे. दहावीला भाषाविषयांच्या शंभर गुणांपैकी वीस गुण तोंडी परीक्षेसह अंतर्गत मूल्यमापनाला असत. २०१८-१९ च्या तुकडीसाठी ते काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकंही नवी होती. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. गदारोळ झाला आणि पुढच्या तुकडीपासून अंतर्गत गुण परत आले. अकरावीच्या प्रवेशाची चिंता खरी होती, पालकांचा त्रागाही समजण्यासारखा होता. पण त्या सगळ्या चर्चेत वीस गुण खिरापतीसारखे वाटले जात होते की नाही, यावरच भर राहिला. दहा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलगी अनोळखी माणसाला पत्ता सांगू शकते का, न समजलेलं पुन्हा विचारू शकते का, याबद्दल फार थोडं बोललं गेलं. तोंडी परीक्षा नीट कशी घ्यावी हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर यायला हवा होता, तो आलाच नाही.

खालच्या इयत्तांत चित्र वेगळं असायला हवं होतं, निदान कागदावर ते फार चांगलं आहे. शिक्षणहक्क कायद्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अनिवार्य केलं आणि महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानं ते लागू केलं. आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकता शिकता पाहणं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा. त्या निर्णयानुसार पहिली-दुसरीत आकारिकाला ७० आणि संकलिताला ३० गुण. तिसरी-चौथीत ६० आणि ४०, पाचवी-सहावीत निम्मे निम्मे, सातवी-आठवीत ४० आणि ६०. आकारिकाच्या साधनतंत्रांत पहिल्याच जागी 'दैनंदिन निरीक्षण' आहे, त्यानंतर 'तोंडी काम'. हा निर्णय ज्यांनी लिहिला त्यांना भाषा कशी वाढते याची जाण होती, असं मला मनापासून वाटतं. पण निरीक्षणाला गुण द्यायचे म्हटलं की निरीक्षण गुणांच्या आकाराचं होऊन जातं. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद हवी, म्हणून बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. 'इंग्रजी कविता तालासुरात म्हणतो', 'सोप्या सूचना समजून कृती करते' अशी वाक्यं एका वर्गातल्या अनेक मुलांपुढे सारखीच उतरू लागली. याचा दोष मी शिक्षकाला देणार नाही. कायद्यानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. म्हणजे एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता, सगळे विषय, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. त्यात प्रत्येक मुलाचं प्रत्येक विषयातलं निरीक्षण वर्णनासह लिहायचं म्हटलं तर लिहिण्यातच दिवस जातो आणि पाहायला सवड उरत नाही.

मग आखणी आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, असं कुठे दिसलं आहे का? दिसलं आहे, आणि आपल्या शेजारीच. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर, मद्रास आणि आसपासच्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. जगभरच्या भाषाशिक्षणात हा प्रयोग 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो, पण मराठी शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याचं नाव फारसं निघत नाही याचं मला वाईट वाटतं. प्रभूंनी व्याकरणाच्या घटकांची यादीच बाजूला ठेवली. तासाला एक काम असे. नकाशावरून वाट शोधायची, रेल्वेच्या वेळापत्रकावरून कोणती गाडी पकडावी ते ठरवायचं, दिलेल्या माहितीवरून एखादा निष्कर्ष काढायचा. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर तसंच एक काम मोठ्यानं करत असे. प्रश्न विचारायचा, उत्तर आलं नाही तर प्रश्न सोपा करायचा, आलं तर पुढे न्यायचं. मग तशाच प्रकारचं दुसरं काम मुलांनी एकट्यानं करायचं. मुलांचं लक्ष गाडी चुकू नये याकडे असे, भाषा त्या ओघात येत असे.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रभूंचा साधा दंडक. काम इतपत कठीण असावं की निम्म्या मुलांना ते निम्मं तरी जमावं. त्याहून कमी जमलं तर उद्याचं काम सोपं करायचं. सगळ्यांना सगळं जमलं तर ते कठीण करायचं. पाहा, इथे मूल्यमापन पाठाच्या शेवटी चिकटवलेलं नाही, ते पाठाच्या पोटातच आहे. तासाच्या शेवटी जमा झालेल्या वह्या चाळल्या की मुलांची आजची पातळी कळते, आणि उद्याच्या पाठाची आखणी त्या वह्यांतून निघते. वर्षाच्या सुरुवातीला वर्षभराच्या तारखा लिहून ठेवता येत नाहीत. प्रकल्प संपल्यावर, १९८५ मध्ये, बेरेटा आणि डेव्हिस यांनी त्याचं स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध केलं. रचनांच्या चाचणीत पारंपरिक वर्ग पुढे होते, कामांच्या चाचणीत प्रकल्पाचे वर्ग. दोन्ही पद्धतींना तटस्थ अशा चाचण्यांचा कौल बराचसा प्रकल्पाच्या बाजूनं होता. तो प्रयोग काटेकोर नव्हता, वर्ग जसे होते तसेच घेतले होते. पण ज्या पद्धतीनं शिकवाल त्याच पद्धतीच्या परीक्षेत मूल चमकेल, ही त्यातली गोष्ट परीक्षा काढणाऱ्या प्रत्येकानं डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे.

वह्या तपासण्याविषयीही एक जुना अभ्यास आठवावासा वाटतो. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांना तीन गटांत विभागून पाहिलं. एका गटाला केवळ गुण, दुसऱ्याला केवळ शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण मिळालेल्यांचं सुधारलं नाही, आणि गुणांसोबत शेरा मिळालेल्यांचंही नाही. आकडा दिसला की मूल त्याच्या खालचं वाचत नाही. इंग्रजीच्या वहीत प्रत्येक चुकीखाली लाल रेघ ओढून शेवटी 'चार पैकी दोन' लिहिण्यात शिक्षकाचे जे तास जातात, त्यांतला थोडा वेळ एका मुलाला एकच गोष्ट नीट सांगण्यात गेला तर? 'तू भूतकाळ सगळीकडे ओळखलास, काही शब्दांचा भूतकाळ वेगळा असतो, असे तीन शब्द शोधून आण.' ही नोंदही आहे आणि पुढचा पाठही.

पातळीचा प्रश्न इथे आणखी खोल जातो. कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून एक भेद मांडत आले आहेत. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या माहितीवरून त्यांनी दाखवलं की खेळाच्या मैदानावरची इंग्रजी सुमारे दोन वर्षांत येते. वर्गातलं इंग्रजी, म्हणजे कारण सांगणं, तुलना करणं, अमूर्त वाक्य समजणं, समवयस्कांच्या तोडीचं व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही सगळीकडून इंग्रजी कानावर पडणाऱ्या शहरात. आपल्याकडच्या सेमी इंग्रजी वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, आणि शाळेबाहेर इंग्रजी क्वचित. त्या वर्गातली मुलगी 'मे आय कम इन' अस्खलित म्हणते म्हणून तिला 'फाइंड द रेशो' मधला हेतू कळला असं धरून चालणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. तिला गणित येत नाही की गणिताची भाषा येत नाही, हे ओळखायला एकच उपाय आहे. तोच प्रश्न तिला मराठीत विचारून पाहायचा. परीक्षेत ती मुभा नसते, रोजच्या वर्गात ती असलीच पाहिजे.

मेळघाटात हा पेच दुप्पट होतो. तिथल्या कितीतरी मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी बोलणारी मुलं आहेत, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. या मुलांना शाळेत आल्यावर मराठी शिकायची असते आणि त्याच वर्षी इंग्रजीही सुरू होते. इंग्रजी ही त्यांची दुसरी नव्हे, तिसरी भाषा. पाठ्यपुस्तकातल्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला की तो मुलाला कळला, असं टाचण गृहीत धरतं. इथे ते गृहीत कोसळतं. ज्या शिक्षकांनी कोरकू शब्द वेचून भिंतीवर लावले, मुलांना उत्तर कोरकूत देऊ दिलं, त्यांनी मुलाचं समजणं आणि बोलणं यांची फारकत करून पाहिली. मला हा मूल्यमापनाचा सर्वांत प्रामाणिक प्रकार वाटतो. मूल कोणत्या भाषेत उत्तर देतं याला त्यात दुय्यम जागा असते, त्याला काय कळलं याला पहिली.

'प्रथम' या संस्थेनं २००५ पासून चालवलेल्या 'असर' पाहणीत इंग्रजीची चाचणी घेतली जाते तेव्हा तीही अशीच असते. आधी मोठी अक्षरं, मग छोटी, मग शब्द, मग सोपी वाक्यं. वाचता आलं की अर्थ विचारायचा, आणि तो मुलानं आपल्या भाषेत सांगायचा. २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची सुमारे चोवीस टक्के मुलं सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकली, आठवीची निम्म्याहून थोडी कमी. आकडे खिन्न करणारे आहेत, पण मला त्या साधनाचा साधेपणा अधिक महत्त्वाचा वाटतो. एका पानावर मावणारी चाचणी, एका मुलाला काही मिनिटं, आणि ती झाल्या झाल्या उद्या काय करायचं ते सांगणारी. याच विचारातून मुलांचे गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करून शिकवण्याची पद्धत वाढली. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळा होत्या. अशी चाचणी भाषेचा फार थोडा भाग पाहते, हे कबूल. ती बोलणं ऐकत नाही, 'गोएड' तिच्या जाळ्यात येत नाही. पण तिचा निकाल कपाटात जात नाही, हातात राहतो.

हे सारं एका शिक्षकाच्या दिवसात बसवायचं तर मागणी लहान ठेवावी लागेल. मला टाचणाच्या पानावर दोनच गोष्टी वाढवाव्याशा वाटतात, आणि त्यांच्या बदल्यात निम्मे रकाने काढून टाकावेसे वाटतात. पहिली, आज मुलांकडून कोणती वाक्यं ऐकू येतील असा अंदाज, चुकांसकट. दुसरी, आज ज्या चार-पाच मुलांकडे कान दिला त्यांची नावं आणि त्यांच्या तोंडून आलेलं एकेक वाक्य, जसंच्या तसं, न सुधारता. चाळीस मुलांच्या वर्गात दोन आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. असं वाक्य कुठल्याही तयार पुस्तकातून उतरवता येत नाही, आणि केंद्रप्रमुखालाही सही करण्याआधी वाचावंसं वाटेल. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर दिसलं की उद्याचा पाठ आपोआप वेगळा आखला जातो. व्याकरणाचे घटक त्यात येतीलच, तक्तेही येतील, पण तक्ता शिकवला म्हणजे तो बोलण्यात उतरला अशी अपेक्षा त्या आठवड्यापुरती सोडून द्यावी लागेल. लेखी परीक्षेतही नियमाच्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा मुलानं स्वतः लिहिलेल्या चार ओळींना जास्त वजन हवं, आणि त्या ओळींत आपणहून केलेल्या नव्या प्रकारच्या चुकीला गुण कापण्याची सक्ती नको.

राहिला जूनचा प्रश्न. वर्ग बदलतात, बदल्या होतात. वर्षभर एका मुलाचं इंग्रजी ऐकलेल्या शिक्षकाजवळ जे ज्ञान साठलेलं असतं, त्यातलं नव्या शिक्षकापर्यंत येतं ते 'ब-१' एवढंच. कोणत्या मुलीला सगळं समजतं पण ती अजून बोलत नाही, कोण हिवाळ्यापासून स्वतःची वाक्यं करू लागला, कोणाला प्रश्न कोरकूत विचारला की उत्तर येतं, हे सगळं जुन्या शिक्षकाबरोबर निघून जातं आणि नव्याला ते पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं. त्यात दिवाळी उजाडते. जुन्या शिक्षकाची ती वाक्यांची वही वर्गाची मालमत्ता मानावी, ती मुलांबरोबर पुढच्या इयत्तेत जावी. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही शिक्षकांनी ती समोर ठेवून अर्धा दिवस बोलावं, बदली झाली असेल तर फोनवर. तो अर्धा दिवस शाळेच्या कामाच्या वेळेतलाच धरला जावा आणि त्या दिवशी त्यांना दुसरं कुठलंही काम दिलं जाऊ नये.